तेराव्याचं पायताण

मंदे, तुझ्या नवऱ्याने मला भलत्याच कामाला लावलं, आणि निस्तरायला तू नव्हतीस.

तुला जाऊन आठवडाही झाला नव्हता. मी मशीनवर बसले होते, पुढ्यात कुणाचा तरी ब्लाउज, अस्तर लावायचं बाकी, आणि पाय पायडलवर नुसतेच ठेवलेले. भावोजी दारात आले. आत या म्हटलं तर सुतक आहे म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबले. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. "कुंदाताई," म्हणाले, "तेराव्याला गुरुजींना छत्री, काठी आणि पायताण द्यायचं असतं. छत्री-काठी मी आणतो. पण पायताण दुकानातनं आणून मंदाच्या नावाने दिलं ना, तर ती वरनं मला शिव्या घालेल. तुम्ही बनवता का?"

मी हो म्हटलं. ते वळल्यावर दार लोटलं आणि रडले. पोटभर रडले. आणि रडता रडताच डोळ्यांसमोर गुरुजी आले, धोतर, उपरणं, कपाळाला गंध, आणि पायात आपण दोघी घरी बनवायचो ती पळायची सँडल. रबराचा पातळ तुकडा, बोटांमधून दोरी, घोट्याला वेढा. मला जे हसू फुटलं ते शेजारच्या खोलीत नक्की ऐकू गेलं असणार. त्यांना वाटलं असेल, मैत्रीण गेली आणि हिचं डोकं फिरलं.

अकराव्याला गुरुजी तुमच्याकडे आले तेव्हा मी जुना पेपर आणि पेन्सिल घेऊन हजर. विधी आटोपून ते खुर्चीत टेकले. मी पुढे जाऊन वाकले, त्यांनी सवयीने आशीर्वादाचा हात वर केला, आणि मी त्यांच्या पायाखाली पेपर सरकवला. "उभे राहा गुरुजी. बसून माप चुकतं, वजन पडलं की पंजा पसरतो." बिचारे उभे राहिले. मी पेन्सिल पायाभोवती फिरवली तशा त्यांना गुदगुल्या व्हायला लागल्या, पण माणूस वस्ताद, चेहरा हलू दिला नाही. मी विचारलं, "माप तुमचं घेतलं तर तिच्या पायाला कसं व्हायचं?" म्हणाले, "ते तिकडचे लोक बघतात."

भावोजींनी तेवढ्यात विचारलं, पायताण द्यायचं तरी कशासाठी. गुरुजी म्हणाले, "वाट लांबची असते. तापलेली वाळू, काटेकुटे. इथे दिलेलं तिथे त्यांच्या पायात पोचतं, अशी श्रद्धा आहे. फक्त कोरं हवं. वापरलेलं दान करत नाहीत."

मंदे, देवाधर्माचं माझं काय आहे ते तुला ठाऊक आहे. संकष्टी कधी ते मला शेजारणीच्या मोदकांवरून कळतं. पण 'त्यांच्या पायात पोचतं' एवढे शब्द कानात बसले ते बसलेच. म्हणजे ही जोडी मी बिघडवली तर तू तिकडे लंगडत जाणार. आणि कोरं हवं, म्हणजे पळून बघायचं नाही. आपण आजवर पळून बघितल्याशिवाय कुणाला एक जोडी दिली नाही. तूच देऊ दिली नाहीस.

तू रिटायर झालीस आणि तुझे पाय शिवशिवायला लागले, तिथून हे सगळं सुरू झालं. रोज सकाळी मला दारातून ओढून रेसकोर्सला चालायला न्यायचीस. माझा पंजा हा असा रुंद, अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलेलं. बायकांच्या बुटात पाय शिरत नाही, पुरुषांच्या बुटात टाच पोहते. नखं काळी पडलेली. एकदा वैतागून मी बूट काढून हातात घेतले आणि तशीच घरी निघाले. तू मागून बघत होतीस. म्हणालीस, "अगं, अनवाणी किती छान चालतेयस. अशीच पळायला लाग." मी म्हटलं, "रस्त्यात लोक थुंकतात, बाई." दोन दिवसांनी तू मोबाईल नाचवत आलीस. त्यात कुठल्याशा डोंगरातली माणसं पायाला टायरचे तुकडे बांधून पळत होती, आणि वर हसत होती. "बघ कुंदे. तू बायकांचे ब्लाउज कापतेस, त्यांच्या सतरा तक्रारी ऐकतेस. हे तर नुसतं रबर आहे, तक्रारसुद्धा करणार नाही."

नुसतं रबर. चिंचपोकळीला रुळांच्या कडेला मशीनच्या जोडात बसवायची रबरी गॅस्केटं कापायचा एक गाळा आहे, तिथून तू शीटचा उरलेला तुकडा आणलास. एका बाजूला खरखरीत नक्षी, दुसरी बाजू गुळगुळीत. मी तुझा पाय कागदावर काढला, खडूने रबरावर उतरवला आणि कापला. आता कापडाचं कसं असतं, घडी घालायची, एकदाच कात्री चालवायची, डावं-उजवं आपोआप मिळतं. इतकी वर्षं माझे हात तेच करत आले. रबराची घडी होईना, म्हणून मी तोच कागद तसाच पुन्हा ठेवला आणि पुन्हा कापलं. मोठ्या ऐटीत जोडी तुझ्यापुढे ठेवली. दोन्ही डाव्या पायाच्या. वर आणि सवयीने चहूकडून बोटभर माया सोडलेली, पुढेमागे अंग भरलं तर उसवायला बरी म्हणून. पाय कुठला भरतोय. आणि दोरीच्या जागी पेटीकोटची नाडी ओवलेली, कारण घरात नाडीची रिळं पडून होती.

मला वाटलं, तू माझ्या डोक्यात घालशील. तू पायात घातलीस. "कापलंय तर बघूया तरी," म्हणालीस आणि गॅलरीच्या त्या टोकाकडे पळत सुटलीस. उजवा पाय सारखा आत वळतोय, पुढे माया फडफडतेय, घामाने नाडी लांब लांब होत चाललीय. पाण्याच्या पिंपाजवळ तुझ्या उजव्या पायातली दुसरी डावी सुटली आणि कठड्यावरून थेट खाली अंगणात. खालून कुणीतरी आईबहीण काढली. तू कठड्यावरून वाकून शांतपणे सांगितलंस, "ठेवा हो बाजूला, सॅम्पल आहे." त्या दिवशी हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. तेवढं मी कधी हसले होते ते आठवत नव्हतं.

नाडी बाद झाली तेव्हा तू मला कफ परेडच्या मच्छीमार नगरात नेलंस. जाळ्याची दोरी भिजली तरी लांबत नाही, हे तुझं डोकं. बोटी ओढून ठेवलेल्या, काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, आणि आपण दोघी दारोदार दोरी मागतोय. एका कोळणीने विचारलं, कशाला हवी. तू पाय पुढे करून दाखवलास. तिने तुझ्या पायाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मला विचारलं, "ही बरी हाय ना गो?" पण दोरी दिली. तिच्याकडूनच आपण सुके बोंबील घेतले आणि दोन्ही एका पिशवीत कोंबले. कोकणातल्या पोरी आपण, बोंबील दिसले की पुढचं काही सुचतच नाही. दुसऱ्या दिवशी तू नव्या दोरीची सँडल बांधून खाली उतरलीस तर चाळीतली सगळी मांजरं तुझ्या मागे. तू हळू पळालीस की ती हळू, तू जोरात की ती जोरात. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "मावशी, मांजरांना ट्रेनिंग देता काय?" तू न थांबता म्हणालीस, "फायनल जवळ आलीय."

हळूहळू हात बसला. दुसऱ्या पायाला कागद उलटा करायचा हे डोक्यात शिरलं. माया ठेवायची सवय मोडली. बोटांमधलं भोक केसभर पुढे-मागे झालं तरी सँडल चावते, हे तुझ्या पायांवरच्या फोडांनी शिकवलं. मग चाळीतले लोक मागायला लागले. आणि तू आपला नियम काढलास, की बनवणाऱ्याने आधी पळायचं. "दुसऱ्याला चावण्याआधी आपल्याला चावू दे." दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सचा पाय केवढा, तिच्या सँडलमध्ये तुझी दोन्ही पावलं मावली असती, पण तू दोरी आवळून त्यातसुद्धा पळालीस. आधी गॅलरी, मग अंगणातला खडीचा तुकडा, मग गेटबाहेरच्या पुलाची चढण आणि शेवटी उतार. उतारावर बोट पुढे सरकलं की जोडी नापास. शिवाय आवाज. फट्-फट् वाजलेलं तुला खपायचं नाही. एक तर दोरी सैल आहे नाहीतर पाऊल जड पडतंय, म्हणायचीस. पळणाऱ्याला स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणून मागून कान देऊन ऐकायचं काम माझं.

आणि ऐकायचं तर जवळ पाहिजे, जवळ राहायचं तर पळायला पाहिजे. हे तुझं सगळ्यात मोठं कारस्थान. लग्न झाल्यापासून मी पळाले असेन ती फक्त नळाचं पाणी जायच्या वेळेला, हातात हंडा घेऊन. मशीनवर बसून बसून पाय असे सुजायचे की संध्याकाळी बोट दाबलं तर खड्डा पडायचा. मी तुझ्यामागे धापा टाकत यायचे आणि तुला शिव्या द्यायचे. आणि एक दिवस पुलावरून उतरताना माझ्या लक्षात आलं, की मी मघापासून माझ्या एका गिऱ्हाइकाची उखाळीपाखाळी काढतेय, पळता पळता, आणि मला दम लागलेला नाही. तुझ्याही लक्षात आलं. तू नुसतं कोपराने ढोसलंस. मंदे, तेव्हा मला तुला भर रस्त्यात मिठी मारायची होती. मी म्हटलं, "डावी दोरी सैल आहे तुझी." आपलं सगळं असंच बोलणं. थँक्यू म्हणायला मला लाज वाटायची, म्हणून मी दोरीबद्दल बोलायचे. तुला ते कळत असावं. कळत नसेल तर आता सांगते, त्या दिवशी तुझी दोरी सैल नव्हती.

रेसकोर्सवर तो चकाचक बूटवाला तुझ्या पायाकडे बघत बघत बराच वेळ बाजूने पळाला होता, आठवतं? शेवटी राहवेना तेव्हा त्याने विचारलं, "आंटी, कुठली कंपनी?" तू आपल्या चाळीचा पत्ता सांगितलास, "डिलाईल रोड." तो म्हणाला, इम्पोर्टेड आहे का? तू म्हणालीस, "नाही, पण ऑर्डर घेतो." त्याच्या पायाचं माप तू तिथेच बाकावर, माझ्या रुमालावर काढायला लावलंस. माझा चांगला रुमाल. पेनाचा डाग अजून गेला नाही.

आता आपलं भांडण. तू पातळवाली, मी जाडवाली. तुझं म्हणणं, जमीन कळली पाहिजे. खडा कुठे आहे, डांबर संपून लादी कुठे लागली, सगळं तळव्याला समजलं की पाऊल आपोआप हलकं पडतं. माझं म्हणणं, आपल्या रस्त्यावर काय काय पडलेलं असतं ते तळव्याला समजून करायचंय काय. तू पातळ शीट आणायचीस, मी तुझ्या पाठीमागे तिला खालून अजून एक थर चिकटवायचे, तू सुरी घेऊन तो सोलून काढायचीस. एकदा तुझ्या टाचेत काच गेली. मी टिंक्चर लावता लावता लांबलचक लेक्चर दिलं. तू मालवणीत गेलीस, म्हणजे पारा चढला. "गप ऱ्हव गो. तुका काय कळता? काच माका लागली, तू कित्याक रडतंस?" मी रडत नव्हते. बरं, रडत होते.

शेवटचं भांडणही तेच. नवीन शीट आणायची होती. तू म्हणालीस पातळ, मी म्हणाले जाड. तू जांभई देत म्हणालीस, "उद्या बघू. आता माझा डोळा लागतोय." दुसऱ्या दिवशी तू उठलीच नाहीस. येणारी-जाणारी माणसं म्हणत होती, भाग्याची गं, झोपेत गेली. मला एकेकीचा राग येत होता. भांडण अर्ध्यावर टाकून गेली, आणि भाग्याची कसली? समोरचीने काय करायचं?

तर बाराव्याच्या सकाळी मी जमिनीवर बसले. एका बाजूला पातळ शीट, एका बाजूला जाड, गाळ्यावरून दोन्ही आणलेल्या, मध्ये कागदावर गुरुजींचा पाय. तापलेली वाळू आणि काटेकुटे, म्हणजे उघडच जाड. त्यात गुरुजींचं वजन बघता जाडच. मी जाड शीटवर खडू टेकवला. नाही, तुझा आवाजबिवाज काही आला नाही, उगाच खूश होऊ नकोस. एवढंच मनात आलं, की लांबची वाट असली तरी ही बाई ती चालणार आहे थोडीच. ही पळणार. आणि जाड सोल बांधून तुला पळताना कुणी कधी बघितलंय? मी पातळ शीट पुढे ओढली. भांडण तू जिंकलीस. पण मेलीस म्हणून जिंकलीस, हे ध्यानात ठेव. जिवंत असतीस तर मी बधले नसते.

डावा पाय कापला. कागद उलटा केला. तरी खात्री होईना म्हणून स्वतःचे दोन्ही पाय पुढे घेऊन ताडून बघितलं, मगच उजवा कापला. दोरी कोळणीकडचीच, शेवटची उरलेली. खालची गाठ मेणबत्तीवर वितळवून चपटी केली, टोचू नये म्हणून. जोडी सुंदर झाली गं. कड अशी गुळगुळीत की तू अंगठा फिरवून मान हलवली असतीस.

आणि मग ती हातात घेऊन मी जिन्यापर्यंत गेले. एक फेरी. खाली जायचं, पुलावर जाऊन यायचं, ओल्या फडक्याने पुसून ठेवायची. कोणाला पत्ता लागला असता? पण भावोजींचा चेहरा समोर आला. ज्या माणसाला गणपतीची आरती अजून कागदात बघून म्हणावी लागते, तो माणूस तुझं एकेक कर्म अक्षर न चुकवता करतोय. टाळूवरचे केससुद्धा काढलेन. वापरलेलं देऊन त्यांना फसवू कशी? आणि न पळता देऊन तुला फसवू कशी? भोक केसभर चुकलं असलं तर? उतारावर बोट सरकलं तर? तिकडे वाळूत तुला सँडल चावली, तर दुरुस्त करायला मी आहे कुठे? मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले, मांडीवर सँडल घेऊन. चाळीतले लोक जाता-येता वळसा घालून जात होते.

तेराव्याला तुमचं घर माणसांनी भरलं. बायका गॅलरीत पानं मांडत होत्या. गुरुजींनी भावोजींच्या हातून पाणी सोडवलं, छत्री घेतली, काठी घेतली, मग पायताण. भावोजींनी दोन्ही हातांवर ठेवून ते पुढे केलं, तुझं नाव घेतलं. गुरुजींनी घेतलं, बाजूला ठेवलं आणि थोड्या वेळाने झोळी उघडली. आता जोडी झोळीत जाणार, झोळी स्कूटरच्या डिकीत जाणार, आणि तुला ती मिळणार तशीच, न तपासलेली.

मी उठून पुढे गेले. "गुरुजी, दान झालं ना?"

"झालं."

"आता ही तुमची?"

"माझीच की."

"मग घाला. आणि एक फेरी पळून या."

भावोजी म्हणाले, "कुंदाताई, अहो काय हे!" मी म्हटलं, "भावोजी, तिने पळून न बघता आजवर कुणाला जोडी दिलीय का, तुम्हीच सांगा. तुमची तरी दिली होती का?" त्यांनी दाराजवळच्या आपल्या सँडलकडे बघितलं. तुझ्या मापाच्या दुप्पट ती जोडी, ती घालून तू अख्खा रेसकोर्स फिरली होतीस, मग त्यांना दिलीस, हे त्यांना आठवलं असणार. मी म्हटलं, "आधी पळाले असते तर कोरी राहिली नसती. म्हणून थांबले. आता दान झालंय, आता ज्याची आहे त्याने बघावी. चावली तर आत्ता सुधारून देईन. उद्या कळून काय उपयोग? उद्या ती निघून गेलेली असेल."

गुरुजींनी थोडा विचार केला. "पळायची मनाई मी तरी कुठे वाचलेली नाही," म्हणाले. "पळायचा विषयच कुठे येत नाही." मग भावोजींकडे बघितलं. भावोजींनी मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही, गुरुजींनी हो धरलं. पाय पुढे केला. "बांधायची कशी ही?"

मी खाली बसून बांधली. त्यांनी धोतराचा काचा घट्ट केला. दानातली छत्री हातात होती ती ठेवायचं त्यांना सुचलं नाही. "आधी गॅलरी," मी सांगितलं. पानं मांडणाऱ्या बायका भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. गुरुजी पळाले आणि पहिल्याच पावलाला फट्. पुन्हा फट्. थांबवलं, दोरी एक वेढा आवळली. "आता." या वेळी काही वाजलं नाही. खाली उतरलो. अंगणातल्या खडीवर ते एकदा "अरे बापरे" म्हणाले, पण थांबले नाहीत. तोवर वरच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. वॉचमनने गेट उघडून धरलं आणि नमस्कार केला, गुरुजींना की सँडलला, देव जाणे.

पुलाच्या चढणीला पुढे गुरुजी, मागे कान देऊन मी, साडी खोचून. एक टॅक्सीवाला आमच्या वेगाने बाजूने चालला होता. मागून पावलं वाजली. वळून बघते तर भावोजी. तुळतुळीत डोकं, पायात काही नाही. मला वाटलं, अडवायला आले. ते नुसते आमच्याबरोबर पळायला लागले. इतके दिवस तो माणूस काठीसारखा ताठ चालत होता. आता त्यांचे हात सुटले होते.

उतार आला आणि गुरुजी सुटले. वजनदार माणूस, उतारावर आवरेना, उपरणं मागे उडतंय, छत्री पुढे धरलेली. मी ओरडत होते, "बोट बघा, गुरुजी, बोट सरकतंय का बघा." त्यांना ऐकू जाईना. खाली कठड्याला धरून कसेबसे थांबले. मी पोचले आणि तिथेच फुटपाथवर बसून त्यांचा पाय हातात घेतला. विचारायची हिंमत होईना. आधी डोळ्यांनी बघितलं. बोट जागेवर. भोकापाशी लाली नाही. टाच बरोबर मध्यावर. दुसरा पाय बघितला. तोही तसाच.

"चावली का हो?"

"नाही." दम खाऊन म्हणाले, "बोटही सरकलं नाही. खरं सांगू का? अजून एक फेरी मारावीशी वाटतेय."

भावोजी मोठ्याने हसले. हसता हसता कठड्यावर डोकं टेकून रडले, मग पुन्हा हसले. गुरुजी खरंच परत चढणीला लागले आणि भावोजी डोळे पुसत त्यांच्यामागे. तिकडे चाळीत वरण-भात थंड होत होता. मी काही उठले नाही. बसल्या जागेवरून त्यांच्या पावलांचा आवाज येतो का ते ऐकत राहिले. येत नव्हता.

मंदे, जोडी पास झाली. दोन्ही पाय मी स्वतः बघितले. फक्त बांधताना एक वेढा जास्त घे, तुझा घोटा बारीक आहे. बाकी तुला काही बघायला नको. आता पळ.